ब्राझीलने आपली राजधानी समुद्राकाठून उचलून माळरानावर का नेली?

4 एप्रिल 1955. ब्राझीलच्या मध्यभागी, गोयास राज्यातलं जताई नावाचं छोटं गाव. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जुसेलिनो कुबिचेक प्रचाराला आलेत आणि नेमका पाऊस सुरू झालाय. सभा मैदानातून हलवून एका गॅरेजच्या आडोशाला न्यावी लागली, उमेदवार ट्रकवर उभे राहून बोलले. मी निवडून आलो तर राज्यघटनेचं तंतोतंत पालन करीन, असं त्यांनी सांगितलं आणि मग लोकांना म्हणाले, आता तुम्ही विचारा. गर्दीतल्या एका तरुणाने विचारलं: राज्यघटनेत तर लिहिलंय की देशाची राजधानी मध्य पठारावर न्यायची. तुम्ही नेणार का?

तरुणाचं म्हणणं बरोबर होतं. प्रजासत्ताक झाल्यावर 1891 साली ब्राझीलची जी राज्यघटना आली, तिच्या तिसऱ्याच कलमात मध्य पठारावरची 14,400 चौरस किलोमीटर जमीन भावी राजधानीसाठी राखून ठेवली होती. 1892 साली लुईस क्रुल्स या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक पथक तिथे गेलं, माती-पाणी-हवा तपासून नकाशावर चौकोन आखून परतलं. 1922 साली स्वातंत्र्याची शताब्दी आली तेव्हा प्लानाल्तिना गावाजवळ पायाचा दगडही बसवून झाला. त्यापुढे प्रत्यक्ष बांधकाम काही नाही. 64 वर्षं हे घोंगडं भिजत पडलं होतं.

त्या सभेत कुबिचेक यांना हो म्हणणं भाग होतं. ते हो म्हणाले. निवडून आले. आणि 21 एप्रिल 1960 रोजी ब्राझिलिया या नव्या राजधानीचं उद्घाटन झालं.

राजधानी हलवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दौलताबाद येतं. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीकरांना देवगिरीला आणलं, ते फसलं, आणि ‘तुघलकी’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा राहिला. पण दख्खन ताब्यात ठेवायची तर कारभार राज्याच्या मधोमध हवा, हा त्यामागचा विचार काही वेडगळ नव्हता. नव्या राजधान्या वसवणाऱ्या देशांची कारणं आजही फिरून तीच असतात. कुठे दोन मोठ्या शहरांचं भांडण मिटवायचं असतं. सिडनी की मेलबर्न हा वाद सुटेना म्हणून ऑस्ट्रेलियाने दोघांच्या मधे कॅनबेरा वसवलं. कुठे वेगवेगळ्या समाजांना आपली वाटेल अशी तटस्थ जागा हवी असते. नायजेरियाने 1991 साली लागोसहून अबुजाला बिऱ्हाड हलवलं ते त्यासाठी. आणि कुठे देशाचा रिकामा भाग भरून काढायचा असतो. ब्राझीलचं कारण हे तिसरं.

ब्राझील भारताच्या अडीचपटीहून मोठा देश. पोर्तुगीज समुद्रातून आले आणि समुद्राजवळच राहिले. साखर जहाजावर चढवायची होती तेव्हा 1549 पासून राजधानी साल्वादोर. मिनास जेराइसच्या डोंगरात सोनं सापडलं, ते रिओच्या बंदरातून जायला लागलं, तशी 1763 साली राजधानी रिओ द जानेरोला आली. सतराव्या शतकात विसेंते दो साल्वादोर नावाच्या एका पाद्र्याने लिहून ठेवलंय की आपले लोक खेकड्यांसारखे किनारा खरवडत बसलेत. तीनशे वर्षांनंतरही ते खरंच होतं. मोठी शहरं, कारखाने, कॉलेजं, सगळं किनाऱ्याच्या पट्ट्यात. आतमध्ये सेहादो, म्हणजे लाल मातीचा, खुरट्या वाकड्या झाडांचा प्रचंड माळ. तिथे जायला धड रस्ताही नव्हता.

कुबिचेक यांचं गणित साधं होतं. राजधानी आत नेली की रस्ते आत जातील, रस्त्यांमागून माणसं जातील. राष्ट्राध्यक्षाला पाचच वर्षं मिळायची आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता यायचं नाही. काम अर्धवट राहिलं तर पुढचा माणूस ते तिथेच सोडून देणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती घाई. ‘पन्नास वर्षांचं काम पाच वर्षांत’ ही त्यांची घोषणा होती आणि नवी राजधानी त्या सगळ्या कामांचा कळस.

आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. 26 प्रस्ताव आले. कुणी जाडजूड अहवाल दिले, कुणी तक्ते आणि आकडेमोड. लुसिओ कोस्ता या वास्तुरचनाकाराने दिली ती हाताने काढलेली काही रेखाचित्रं आणि थोडा मजकूर. त्याची सुरुवात त्यांनी एका अगदी मूळ कृतीपासून केली: एखादी जागा आपली म्हणून ताब्यात घेताना माणूस जमिनीवर दोन रेघा काटकोनात ओढतो, तशी फुली. मग जमिनीच्या उताराला धरून त्यांनी एक रेघ धनुष्यासारखी वाकवली. झाला आराखडा. मार्च 1957 मध्ये तोच निवडला गेला. वरून पाहिलं की तो विमानासारखा दिसतो आणि त्याच्या दोन बाजूंना आजही ‘दक्षिण पंख’ आणि ‘उत्तर पंख’ असंच म्हणतात.

सरळ रेघेवर सरकार, वाकलेल्या रेघेवर घरं. एवढं लक्षात ठेवलं की ब्राझिलिया समजली.

सरळ रेघेवर दोन्ही बाजूंना मंत्रालयांच्या एकसारख्या इमारती ओळीने उभ्या आहेत, मधे अफाट हिरवळ, आणि टोकाला त्रिकोणी ‘तीन सत्तांचा चौक’. त्रिकोणाच्या एका कोपऱ्यावर संसद, दुसऱ्यावर राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, तिसऱ्यावर सर्वोच्च न्यायालय. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण विधिमंडळ, कार्यपालिका, न्यायपालिका शिकतो, ते इथे जमिनीवर मांडून ठेवलंय. इमारती ऑस्कर निमायर यांच्या. संसदेवर दोन घुमट आहेत: सिनेटचा पालथ्या वाडग्यासारखा, लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचा उताण्या वाडग्यासारखा. दोन्हींच्या मधे 28 मजल्यांचे जुळे मनोरे. निमायर यांच्या डोक्यातले हे आकार काँक्रीटमध्ये उभे राहिले ते ज्वाकिं कार्दोझो या अभियंत्यामुळे. हा माणूस कवीही होता. फोटोंखाली त्यांचं नाव क्वचितच असतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

वाकलेल्या रेघेवर लोक राहतात आणि तिथलं पत्त्याचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. रस्त्यांना नावं नाहीत, म्हणजे कुणा पुढाऱ्याचा मार्ग नाही की कुणा संताचा चौक नाही. पत्ता म्हणजे ‘दक्षिण 308’. यातला 8 म्हणजे शहराच्या मध्यापासून दक्षिणेला आठवा चौरस. 3 म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेची दुसरी रांग, कारण विषम आकडे पश्चिमेला आणि सम आकडे पूर्वेला. एकदा ही रीत कळली की नवखा माणूसही कुणाला न विचारता घर शोधतो. नवी मुंबईत सेक्टरच्या आकड्यांवर वाढलेल्यांना यातलं सुख लगेच कळेल.

असा प्रत्येक चौरस साधारण 280 मीटर लांब-रुंद. त्यांना ‘सुपरक्वाद्रा’ म्हणतात. भोवती झाडांचा पट्टा, आत जास्तीत जास्त सहा मजल्यांच्या इमारती, त्याही खांबांवर उभ्या. तळमजला पूर्ण मोकळा, कुंपण नाही. कुणीही कुणाच्याही इमारतीखालून चालत जाऊ शकतं, मुलं तिथेच खेळतात. चार चौरस मिळून एक शेजार, आणि त्या शेजारासाठी शाळा, दुकानं, प्रार्थनेची जागा. कोस्ता यांची मनापासून इच्छा होती की मंत्रालयातला मोठा अधिकारी आणि तिथला शिपाई एकाच शेजारात राहावेत, त्यांच्या मुलांनी एका शाळेत जावं. 400 च्या रांगेतल्या इमारती तीनच मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या ठेवल्या, त्या कमी पगारवाल्यांना परवडाव्यात म्हणून. आराखड्यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट ही आहे. आणि मोडली तीही हीच.

पण आधी ते बांधलं कुणी, हे सांगायला हवं.

ईशान्य ब्राझील हा कायम दुष्काळी भाग. (आपल्या कोकणातला आणि गोव्यातला काजू मूळचा तिकडचाच, पोर्तुगीजांनी तो जहाजातून इकडे आणला. आपण ज्याला काजू म्हणतो ते नावही तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलंय.) 1958 साली तिथे मोठा दुष्काळ पडला आणि माणसं ट्रकच्या हौद्यात आडव्या दांड्या धरून, दिवसचे दिवस प्रवास करत पठारावर कामाला आली. अशा ट्रकला तिकडे ‘पोपटाची दांडी’ म्हणतात. बांधकामावर येणाऱ्या या माणसांना ‘कांदांगो’ हे नाव पडलं. आधी ते हिणवायला वापरायचे. पुढे लोकांनी ते अभिमानाने लावून घेतलं.

काम रात्रंदिवस चालायचं. कोरड्या दिवसांत सगळीकडे लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. हजारो कामगार लाकडी बराकींत. फेब्रुवारी 1959 मध्ये, कार्निव्हलच्या दिवसांत, एका बांधकाम कंपनीच्या छावणीत जेवणावरून तंटा झाला. त्या रात्री पोलिसांनी झोपलेल्या कामगारांवर गोळ्या झाडल्या. किती मेले याचा हिशेब आजवर लागलेला नाही. सरकारी कागद एक सांगतात, जुने कामगार दुसरंच सांगतात.

या सगळ्यासाठी पैसा पाण्यासारखा ओतला गेला. नोटा छापल्या, कर्जं काढली, महागाई भडकली आणि त्याची झळ पुढच्या सरकारांना पोचली. रिओचे सरकारी नोकर समुद्र सोडून माळावर यायला तयार नव्हते, त्यांना जास्तीचा पगार देऊन आणावं लागलं. परराष्ट्र खातं तर 1970 साली हललं, उद्घाटनानंतर तब्बल दहा वर्षांनी. उद्घाटनाची तारीख मात्र विचारपूर्वक धरली होती. 21 एप्रिल हा तिरादेंतेस या क्रांतिकारकाच्या फाशीचा दिवस. पोर्तुगीजांविरुद्ध कट केला म्हणून 1792 साली त्याला रिओमध्ये फाशी दिलं होतं.

आता त्या मोडलेल्या गोष्टीकडे.

आराखड्यात मंत्री होते, अधिकारी होते, शिपाई होते. गवंडी नव्हता. काम झालं की बांधकामावरची माणसं आपापल्या गावी परत जातील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. ती जाणार कुठे? मागे दुष्काळ होता. त्यांनी झोपड्या घातल्या. 1958 साली लोक मागे हटेनात तेव्हा सरकारने 20-25 किलोमीटरवर तागुआतिंगा हे गाव वसवून त्यांना तिकडे नेलं. म्हणजे राजधानीचं उद्घाटन व्हायला दोन वर्षं बाकी होती आणि तिची पहिली वस्ती बाहेर तयारही झाली होती. कामगारांसाठी तात्पुरती म्हणून उभारलेली लाकडी दुकानांची ‘मुक्त नगरी’ 1960 साली पाडायची ठरली होती. तिथले लोक भांडले आणि ती वस्ती टिकली.

1971 साली मोठी मोहीम झाली. जवळच्या झोपडपट्ट्यांतली सुमारे 80 हजार माणसं ट्रकमध्ये भरून दूरच्या मोकळ्या जागेत आणून सोडली. मोहिमेचं नाव होतं ‘अतिक्रमण निर्मूलन मोहीम’, पोर्तुगीज आद्याक्षरांनी सी-ई-आय. त्या आद्याक्षरांना ‘लांदिया’ ही शेपटी जोडून नव्या वस्तीचं नाव ठेवलं सेइलांदिया. तिथे जन्मलेलं मूल पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव लिहायला शिकतं, तेव्हा ते आपल्या आजी-आजोबांना हुसकावून लावणाऱ्या सरकारी मोहिमेचं नाव लिहीत असतं. सुरुवातीला तिथे नळ नव्हते. डबे घेऊन पाण्यासाठी रांगा लागायच्या. पाणी आलं ते भांडून आलं, आणि म्हणून आजही सेइलांदियाची खूण म्हणजे गावातली पाण्याची उंच टाकी. संसदेच्या घुमटांचे फोटो जगभर पोचले. या टाकीचाही फोटो शोधून पाहाच.

ब्राझिलिया पाच लाख लोकांसाठी आखली होती. 2022 च्या जनगणनेत राजधानी जिल्ह्याची लोकसंख्या 28 लाखांवर गेली, म्हणजे साओ पावलो आणि रिओनंतर देशात तिसरा नंबर. यातले थोडेच लोक त्या विमानाच्या आकारात राहतात. बाकीचे भोवतालच्या वस्त्यांत, आणि रोज सकाळी बसने किंवा मेट्रोने मधल्या शहरात कामाला येतात. मूळ आराखड्याच्या भागाला 1987 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. विसाव्या शतकात वसलेल्या शहराला इतक्या लवकर असा मान मिळणं ही मोठीच गोष्ट. त्याची दुसरी बाजू अशी की तिथे उंच इमारती चढवता येत नाहीत, घरं वाढत नाहीत आणि भाव वाढत राहतात. अधिकारी आणि शिपायाची मुलं एका शाळेत जाण्याचं स्वप्न इथे संपलं. शिपायाला ते घर परवडेनासं झालं.

चालणाऱ्या माणसाचाही विचार आराखड्यात कमी झाला. मोटारगाडी हेच भविष्य, असा तो काळ होता. चौक आणि सिग्नल टाळायला रस्ते एकमेकांखालून वळवून नेले. अशा वळणाला तिथले लोक ‘छोटी कात्री’ म्हणतात. पण पंखांच्या मधून जाणारा मुख्य रस्ता पायी ओलांडणं जिवावरचं काम झालं, इतकं की लोक त्याला ‘मृत्यूचा रस्ता’ म्हणू लागले. शहराने यातून थोडी वाट काढली आहे. 1997 साली झेब्रा क्रॉसिंगसाठी मोठी मोहीम झाली, आणि तेव्हापासून तिथे माणसाने कडेला उभं राहून हात पुढे केला की गाड्या थांबतात. ब्राझीलमधल्या दुसऱ्या शहरांतून आलेल्यांना याचं फार अप्रूप वाटतं. आणि दर रविवारी तो मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो. लोक सायकली, कुत्री, लहान मुलं घेऊन त्याच डांबरावर उतरतात.

मग राजधानी म्हणून तिचा उपयोग झाला का? ज्या कामासाठी ती बांधली ते झालं, असंच मला वाटतं. ब्राझिलियाहून उत्तरेला बेलेंपर्यंत आणि चारही दिशांना रस्ते गेले. माणसं आत सरकली. 1973 साली स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी कृषी संशोधन संस्थेने सेहादोच्या आम्लयुक्त मातीत चुना घालून सोयाबीन पिकवण्याच्या पद्धती बसवल्या आणि ब्राझील सोयाबीनचा जगातला मोठा निर्यातदार झाला. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव ठरताना ब्राझीलच्या पिकाकडे बघावं लागतं, त्याचं मूळ या स्थलांतरात आहे. किंमतही मोठी पडली. सेहादोची जवळजवळ निम्मी नैसर्गिक वनसंपदा गेली.

राजकारणात मात्र शहराने दोन्ही रूपं पाहिली. उद्घाटनाला चार वर्षं झाली नाहीत तोच 1964 साली लष्कराने सत्ता घेतली, ती 1985 पर्यंत. मोर्च्यांच्या मोठ्या शहरांपासून दूर असलेली राजधानी हुकूमशहांना सोयीचीच होती. ज्यांनी हे शहर उभं केलं त्या कुबिचेक यांचेच राजकीय हक्क लष्कराने काढून घेतले. 1976 साली ते मोटार अपघातात गेले, आणि त्यांच्या अंत्ययात्रेला ब्राझिलियात लोटलेल्या गर्दीत जुने कांदांगो होते. पुढे त्याच संसदेत 1988 ची राज्यघटना लिहिली गेली. आता देशभरचे आदिवासी दर वर्षी राजधानीत तंबू ठोकतात आणि मंत्रालयांमधल्या त्या हिरवळीवर मोर्चाने येऊन जमिनीचे हक्क मागतात. 8 जानेवारी 2023 रोजी त्याच हिरवळीवरून निवडणुकीचा निकाल अमान्य करणारा जमाव चालून गेला आणि त्याने तिन्ही सत्तांच्या इमारती एकाच दुपारी फोडल्या. तीन सत्ता एकाच चौकात मांडल्या की तिघींवर एकदम हल्लाही करता येतो, हे कोस्ता यांच्या रेखाचित्रात कुणाला दिसलं नसणार.

ऑगस्ट 2011 मध्ये संसद भवनात पाणी गळत होतं म्हणून दुरुस्ती करणारे कामगार दोन स्लॅबांमधल्या अंधाऱ्या पोकळीत शिरले. तिथे काँक्रीटवर त्यांना लिहिलेलं दिसलं. 1959 साली बांधकामावरच्या माणसांनी आपल्या हातांनी लिहून ठेवलेलं, मग वरून काम पूर्ण झालं आणि ते बावन्न वर्षं तसंच बंद राहिलं. कुणी नुसतं नाव टाकलं होतं. कुणी घरच्या आठवणीने दोन ओळी लिहिल्या होत्या. एकाने लिहिलं होतं की उद्या इथे जी माणसं येतील त्यांनी आमच्या मुलांवर दया ठेवावी आणि कायदा पाळला जावा.